काचेपलीकडचा माणूस

व्यावसायिक स्टुडिओत निवेदक आणि ध्वनिमुद्रक यांच्यामध्ये एक जाड काच असते. काचेच्या अलीकडे माइक, संहितेचा स्टँड आणि वाचणारा माणूस. पलीकडे कन्सोल, स्पीकर आणि ऐकणारा माणूस, आणि काम मोठे असेल तर त्याच्या शेजारी दिग्दर्शकही. या मांडणीमागे ध्वनिशास्त्राची कारणे आहेतच, पण तिचा सर्वांत मोठा फायदा ध्वनिशास्त्राच्या बाहेरचा आहे. वाचणाऱ्याला ऐकण्याची जबाबदारी घ्यावी लागत नाही. शब्द अडखळला, खुर्ची करकरली, ‘भ’चा झोत माइकवर आदळला, तर ते सांगायला दुसरे कोणीतरी बसलेले असते, आणि त्या भरवशावर वाचणारा आपले सगळे लक्ष मजकुरात घालू शकतो. घरी ध्वनिमुद्रण सुरू केले की ही काच नाहीशी होते. वाचणारा, यंत्र सांभाळणारा आणि चुका काढणारा असे तिघेही एकाच डोक्यात दाटीवाटीने बसतात आणि एकाच वेळी बोलू लागतात.

घरच्या स्टुडिओविषयी जे लिहिले-बोलले जाते त्याचा बहुतेक भाग उपकरणांनी व्यापलेला असतो. कोणता माइक, कोणता इंटरफेस, कोणता फोम. ही चर्चा निरुपयोगी नाही, पण घरून व्हॉइसओव्हर करताना मला जो प्रश्न खरोखर सतावत राहिला तो वेगळा होता : वाचताना स्वतःला ऐकणे थांबवायचे कसे, आणि नंतर ऐकताना वाचणारी आपणच होतो हे विसरायचे कसे. खोली, माइक, आवाजाची पातळी, संपादन या सगळ्यांकडे मी आता याच अंगाने पाहते. जी गोष्ट वाचणाऱ्या माणसाला निर्धास्त करते ती कामाची. जी त्याचे लक्ष पुन्हा स्वतःच्या आवाजाकडे ओढते ती कितीही महागडी असली तरी अडचणीची.

स्वतःचा मुद्रित आवाज पहिल्यांदा ऐकताना जवळजवळ प्रत्येकाला तो परका आणि जरा पातळ वाटतो. त्याचे कारण साधे आहे. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हवेतून कानात येतो, तसाच कवटीच्या हाडांतूनही आतल्या कानापर्यंत पोहोचतो, आणि या दुसऱ्या वाटेने येताना त्यातला खालचा, भरदार भाग अधिक ठळक होतो. माइकला ही दुसरी वाट उपलब्ध नसते. त्यामुळे आपल्याला ‘आपला’ वाटणारा आवाज जगात दुसऱ्या कोणीही कधी ऐकलेला नसतो. नवशिक्या निवेदकांच्या पुष्कळ सवयींचे मूळ इथे सापडते. डोक्यातल्या त्या भरदार आवाजाशी मुद्रित आवाजाची बरोबरी करण्यासाठी ते गळा खाली दाबून, ओढूनताणून खर्ज काढतात, आणि ऐकणाऱ्याला मात्र त्यात भारदस्तपणाऐवजी घशाचा ताण ऐकू येतो. गंभीर विषय असला की हा दाब आणखी वाढतो. आवाजाचा मूळ पट्टा जिथे सहज बसतो तिथेच तो सर्वांत विश्वासार्ह वाटतो, हे मान्य व्हायला वेळ लागतो, कारण त्यासाठी आधी त्या परक्या आवाजाशी ओळख करून घ्यावी लागते.

हेडफोनचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. फ्रेंच वैद्य एतियेन लोंबार यांनी १९११ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले होते : गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, आणि गोंगाट थांबला की नकळत उतरवतो. याचाच उलटा प्रकार हेडफोनमध्ये घडतो. स्वतःचा आवाज कानात मोठा होऊन परत येत असेल तर बोलणारा आपोआप हळू, मऊ आणि जपून बोलू लागतो. म्हणजे हेडफोनच्या आवाजाची चकती थोडी फिरवली तरी वाचनाची धाटणी बदलते, आणि हा बदल मजकुराने मागितलेला नसतो. त्याशिवाय कानात आपलाच गुळगुळीत, श्रीमंत झालेला आवाज ऐकू येत असेल तर त्याच्या मोहात पडणे फार सोपे असते. मी सलग वाचनाच्या वेळी हेडफोन काढून ठेवते. सुरुवातीला पातळी तपासायची, दोन-चार वाक्ये ऐकून पाहायची, आणि मग कान मोकळे करून वाचायचे. दूरस्थ सत्रात दिग्दर्शकाच्या सूचना ऐकायच्या असतील तर एकाच कानावर हेडफोन, तोही आपला आवाज शक्य तितका कमी करून.

पण कान मोकळे ठेवून निर्धास्तपणे वाचायचे तर खोलीवर विश्वास हवा. घरच्या स्टुडिओत पैसा, वेळ आणि विचार कुठे घालायचा असे कोणी विचारले तर माझे उत्तर एकच असते : आधी खोलीत, उरले तर माइकमध्ये. मध्यम दर्जाचा माइक चांगल्या खोलीत उत्तम काम देतो. उत्तम माइक वाईट खोलीत ती खोलीच अधिक बारकाईने टिपतो.

खोलीच्या ध्वनिशास्त्राचा पाया ज्यांनी घातला त्या वॉलेस सॅबिन यांची गोष्ट घरी रजया-गाद्या टांगणाऱ्या प्रत्येकाला आपली वाटावी अशी आहे. १८९५ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग कलासंग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेले काहीही समजत नसे, कारण उच्चारलेला आवाज तिथे सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. एका शब्दाचा नाद विरण्याआधी पुढचे कितीतरी शब्द त्यावर येऊन पडत. हा दोष काढण्याचे काम तरुण सॅबिन यांच्याकडे आले. त्यांनी जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक करून त्या व्याख्यानगृहात मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवून थांबवायची आणि नाद पूर्ण विरेपर्यंतचा वेळ मोजायचा असा उद्योग रात्रभर केला, आणि सकाळी सगळ्या गाद्या परत नेऊन ठेवल्या. त्यातून जे सूत्र निघाले ते आजही वापरात आहे : घुमण्याचा काळ खोलीच्या आकारमानाबरोबर वाढतो आणि खोलीतल्या शोषणाबरोबर घटतो. कान, घड्याळ आणि उसन्या गाद्या एवढ्या सामग्रीवर हे शास्त्र उभे राहिले.

सॅबिन यांच्या गाद्यांत एक गोष्ट होती जी बाजारातल्या पातळ फोममध्ये नसते, ती म्हणजे जाडी. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्यामुळे १०,००० हर्ट्झच्या, म्हणजे ‘स’च्या सित्काराहूनही वरच्या, ध्वनिलहरीची लांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर असते, तर २०० हर्ट्झच्या, म्हणजे साधारण स्त्रीच्या आवाजाच्या मूळ स्वराच्या, लहरीची लांबी १.७ मीटर भरते. भिंतीला चिकटवलेला मऊ, सच्छिद्र पदार्थ एखादी लहर नीट शोषून घ्यायला लागतो तो त्याची जाडी त्या लहरीच्या सुमारे चतुर्थांश असेल तेव्हा. अडीच सेंटिमीटर जाडीचा फोम या हिशेबाने ३,४०० हर्ट्झच्या आसपास आणि त्यापुढेच खरा उपयोगी पडतो. म्हणून पातळ फोमने चारही भिंती मढवलेल्या लहानशा खोलीत एक विचित्र गोष्ट घडते. वरची चमक मरते, सित्कार बोथट होतात, टाळी वाजवली तर खोली शांत भासते, आणि तरीही मुद्रण ऐकताना माणूस डब्यात तोंड घालून बोलतो आहे असे वाटते. वरचे सगळे शोषले गेले आणि खालचे, विशेषतः २०० ते ४०० हर्ट्झचे, तसेच शिल्लक राहिले, एवढाच त्याचा अर्थ.

कपड्यांच्या कपाटात उभे राहून मुद्रण करण्याची युक्ती सर्वत्र सांगितली जाते. ती चालते, पण ती चालते कपड्यांमुळे, कपाटाच्या लहानपणामुळे नव्हे. जागा जितकी लहान तितकी तिची स्वतःची गुणगुण आपल्या आवाजाच्या पट्ट्यात येऊन बसते. समोरासमोरच्या दोन कठीण भिंतींत १.२ मीटर अंतर असेल तर त्यांच्यामध्ये १४३ हर्ट्झला अनुनाद होतो, आणि हा स्वर बोलण्याच्या ऐन मध्ये येतो. काही शब्द कारण नसताना फुगतात आणि काही बसतात. मोठ्या खोलीत हाच अनुनाद खूप खाली जातो आणि निवेदनाच्या आड येत नाही. म्हणून जागा निवडण्याची मोकळीक असेल तर मी साधारण मोठ्या, सामानाने भरलेल्या खोलीचा एक भाग निवडेन, तिथे पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना जाड गाद्या किंवा दहा सेंटिमीटर जाडीचे खनिज लोकरीचे फलक भिंतीपासून थोडे सुटे ठेवीन, डोक्यावरही काहीतरी मऊ टांगेन. पाठीमागची बाजू विशेष महत्त्वाची, कारण माइकचे तोंड तिकडेच असते आणि तिथून परतणारा आवाज सरळ त्यात शिरतो. समोरच्या भिंतीला सजवण्यात लोक जो उत्साह दाखवतात त्याचा निम्मा जरी पाठीकडे वळवला तरी फरक ऐकू येतो.

एक लहानशी जागा मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते, आणि ती नाकासमोरच असते. संहितेचा कागद किंवा टॅबलेट ज्या कठीण फळीवर ठेवलेला असतो, तिच्यावरून आवाज उसळून माइकमध्ये दुसऱ्यांदा पोहोचतो. थेट येणाऱ्या आणि उसळून येणाऱ्या आवाजाच्या वाटांमध्ये ३४ सेंटिमीटरचा फरक पडला तर दुसरा आवाज एक मिलिसेकंद उशिरा येतो. एवढ्याशा उशिराने ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा ठरावीक अंतरावर आवाजात खड्डे पडतात, आणि बोलणे पोकळ, नळीतून आल्यासारखे लागते. वाचताना मान थोडी हलली की अंतर बदलते, खड्डे सरकतात, आणि आवाजाचा रंग वाक्यागणिक पालटत राहतो. संपादनात हे दुरुस्त होत नाही. स्टँड तिरपा करणे, फळीवर जाड कापड अंथरणे, टॅबलेट माइकच्या वर किंवा खाली सरकवणे, एवढ्यावर काम भागते. हा दोष कळला की मग जुनी मुद्रणे ऐकताना तो कुठे कुठे आहे हे आपोआप दिसू लागते, आणि त्याचा थोडा त्रासच होतो.

आवाज शोषणे आणि आवाज अडवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याची फोड एका परिच्छेदात करून मी पुढे जाते. फोम, रजई, गादी या गोष्टी खोलीतला नाद शोषतात. बाहेरची वाहने किंवा शेजारचे दार यांना अडवत नाहीत. अडवण्यासाठी वजन लागते आणि फटी बुजवाव्या लागतात. भिंत कितीही भक्कम असली तरी तिच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का भाग उघडा असेल तर एकूण अडवणूक २० डेसिबलच्या पुढे जात नाही, आणि दाराखालची फट ही नेमकी तशी जागा असते. घरात भिंती नव्याने बांधणे बहुतेकांना शक्य नसते. त्यामुळे दाराची फट बुजवणे, पंखा आणि फ्रिज बंद करणे, लॅपटॉप खोलीबाहेर किंवा निदान माइकच्या पाठीमागे ठेवणे, आणि दिवसातली शांत वेळ ओळखून तीच कामासाठी राखणे, यावरच भागवावे लागते. शांत वेळ हे खरे तर घरच्या स्टुडिओचे सर्वांत किमती उपकरण आहे.

माइकविषयी मी मुद्दाम थोडक्यात लिहिते. न्यूमनचा यू ८७ हा १९६७ पासून स्टुडिओंमध्ये आहे, सेनहायझरचा एमकेएच ४१६ हा लांबट माइक चित्रीकरणासाठी घडवला गेला आणि जाहिरातींच्या निवेदनात स्थिरावला; या नावांभोवती एक वलय आहे आणि ते अनाठायी नाही. पण माइक कुठे ठेवला आहे हे तो कोणता आहे याच्यापेक्षा अधिक बोलते. तोंडापासूनचे अंतर निम्मे केले की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र होता तेवढाच राहतो; म्हणून जवळ गेल्याने खोली मागे पडते. फार जवळ गेल्यास दिशादर्शी, म्हणजे एका दिशेनेच अधिक ऐकणारा, माइक खालचा भाग फुगवतो आणि जिभेचा, ओठांचा प्रत्येक चिकट आवाज टिपतो. पंधरा ते वीस सेंटिमीटर हे अंतर मला बहुतेक कामांना मानवते. हृदयाकृती पट्ट्याचा (कार्डिऑइड) माइक स्वतःच्या पाठीमागून येणाऱ्या आवाजाला सर्वांत कमी दाद देतो, तेव्हा खोलीतली सर्वांत गोंगाटी वस्तू तिथे यावी अशा बेताने तो फिरवावा.

मराठी वाचणाऱ्याला आणखी एका गोष्टीकडे पाहावे लागते. आपल्या भाषेत महाप्राण ओळीओळीला भेटतात. ‘भरभराट’, ‘फुफ्फुस’, ‘प्रभाव’ अशा शब्दांत ओठ उघडताच हवेचा झोत सुटतो, आणि तो सरळ माइकच्या पडद्यावर आदळला तर धप्प असा आवाज उमटतो. पॉप फिल्टर, म्हणजे माइकसमोर लावायची जाळी, झोत काहीसा मोडतो, पण खरा उपाय म्हणजे माइक तोंडाच्या सरळ रेषेत न ठेवता थोडा बाजूला आणि किंचित वर ठेवून त्याचे तोंड ओठांकडे वळवणे. झोत माइकच्या बाजूने निघून जातो, आवाज मात्र पोहोचतो. ‘स’, ‘श’ यांचा सित्कारही या कोनातून मवाळ होतो. असे केले की ‘भ’ आला म्हणून मान मागे घेण्याची सवय लागत नाही. ती सवय फार वाईट, कारण त्या क्षणी लक्ष अर्थावरून अक्षरावर जाते, आणि हे ऐकणाऱ्याला कळते.

पातळ्यांचे गणित एकदा बसवावे आणि विसरावे. २४ बिटच्या मुद्रणात खालच्या बाजूला इतकी जागा असते की आवाज शून्याच्या, म्हणजे यंत्र टिपू शकेल त्या कमाल पातळीच्या, जवळ नेण्याचे काही कारण उरत नाही. सर्वांत मोठा शब्द उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहिला की पुरे. ऑडिओबुकसाठी एसीएक्ससारखे मंच जी मोजमापे मागतात, म्हणजे सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, शिखर उणे ३ च्या आत आणि शांततेतला मूळ खरखराट उणे ६० च्या खाली, ती शेवटच्या प्रक्रियेत गाठता येतात. यातले फक्त तिसरे मोजमाप खोलीतच कमवावे लागते. खरखराट काढणारी सॉफ्टवेअरे आहेत, पण त्यांचा हात थोडा जरी जड पडला तरी आवाजाला पाण्याखालून आल्यासारखी झाक येते, आणि शब्दांच्या शेपट्या खाल्ल्या जातात.

आता वाचन. इथे तपशील अधिक आहे आणि घाई करण्यात अर्थ नाही.

एक अगदी साधे वाक्य घेऊ, जे कुठल्याही सेवेच्या जाहिरातीत सापडेल : ‘ही सुविधा आता सर्व ग्राहकांसाठी उपलब्ध आहे.’ नुसते छान आवाजात वाचले तर त्यात काहीच घडत नाही. जोर ‘आता’वर दिला तर कालपर्यंत ती उपलब्ध नव्हती हे कळते. ‘सर्व’वर दिला तर आधी ती निवडक लोकांनाच मिळत होती असा अर्थ निघतो. ‘ही’वर दिला तर दुसऱ्या एखाद्या सुविधेशी तुलना चालू आहे. आणि दोन-तीन शब्दांवर जोर दिला तर ऐकणाऱ्याला काहीच धरता येत नाही. नवा निवेदक उत्साहाच्या भरात बहुधा हेच करतो. कुठला जोर बरोबर हे वाक्यात नसते, आधीच्या वाक्यात असते. म्हणून संहिता हाती आली की मी प्रत्येक वाक्यापाशी समासात एक प्रश्न लिहिते, ज्याचे ते वाक्य उत्तर असेल. ‘कोणासाठी?’ असा प्रश्न लिहिला असेल तर ‘सर्व’ आपोआप उजळतो, त्यासाठी आवाज चढवावा लागत नाही. ‘एकाच माणसाशी बोलता आहात असे समजा’ हा सल्ला सगळेच देतात आणि तो खोटा नाही, पण अर्धवट आहे. समोर माणूस कल्पून भागत नाही. त्याने आत्ता काय विचारले हे माहीत नसेल तर आपण त्याच्याशीही भाषणच करतो.

मराठी वाक्याची घडण निवेदकाला आणखी एका ठिकाणी पकडते. क्रियापद शेवटी येते आणि श्वासही तिथेच संपत आलेला असतो. त्यामुळे ‘आहे’मधला ‘हे’, ‘असतात’मधला शेवटचा ‘त’ हवेत विरून जातात. साध्या बोलण्यात हे खपते. पण आपल्याकडे होकार की नकार हे पुष्कळदा वाक्याच्या शेवटच्या शब्दावर ठरते. ‘हा अर्ज नंतर बदलता येत नाही’ या वाक्यातला ‘नाही’ पुसट झाला, तर ऐकणाऱ्याला नेमके उलटे कळू शकते. शेवट सांभाळायचा म्हणजे तो चढवायचा असे नव्हे. तेवढा श्वास मागे राखून ठेवायचा. लांब वाक्य असेल तर श्वास कुठे घ्यायचा हे मी पेन्सिलने आधीच खूण करून ठेवते, आणि ती खूण बहुधा स्वल्पविरामावर येत नाही. स्वल्पविराम लेखकाने डोळ्यांसाठी दिलेला असतो. ‘ज्या’, ‘जेव्हा’, ‘कारण’ यांच्या आधी घेतलेला श्वास ऐकणाऱ्याला विचारासारखा वाटतो, तर विशेषण आणि नाम यांच्या मध्ये घेतलेला श्वास दम लागल्यासारखा.

‘जगात जगणाऱ्या’ या दोन शब्दांतले दोन ‘ज’ वेगळे आहेत, लिपीत मात्र एकच. परिचित शब्दांत जीभ आपोआप बरोबर वळते. अनोळखी आडनावे, गावांची नावे आणि जुने शब्द आले की ती अडते. असे शब्द आधीच शोधून खात्री करून खाली टिंब देऊन ठेवले की वाचताना तो निर्णय उरत नाही. मोठ्या संख्या आणि संक्षेपही मी अक्षरी लिहून घेते. या सगळ्या तयारीला पुष्कळ वेळ लागतो, आणि नव्या लोकांना तो वाया गेल्यासारखा वाटतो. पण माइकसमोर घेतलेला प्रत्येक निर्णय हा त्या क्षणी मजकुरातून काढून घेतलेले लक्ष असते.

‘जरा हसून वाचा’ ही सूचना थट्टेवारी नेण्यासारखी नाही. ओठ रुंदावले की घशापासून ओठांपर्यंतची पोकळी किंचित आखूड होते, तिचे अनुनाद वर सरकतात, आणि न पाहताही हसू कानाला ओळखता येते. अर्थात ओठ ताणून आणलेले हसूही तसेच ओळखता येते. त्यापेक्षा उभे राहून, हात मोकळे ठेवून वाचणे मला अधिक मानवते. हातवारे माइक टिपत नाही, पण त्यांनी वाक्याला दिलेला झोका टिपतो. फक्त बाह्या सळसळणार नाहीत असे कपडे हवेत.

घशाविषयी दोनच गोष्टी. बोलताना स्वरतंतू सेकंदाला शंभर ते दोनशेहून अधिक वेळा एकमेकांवर आदळत असतात, आणि प्यायलेले पाणी त्यांना थेट स्पर्श करत नाही, कारण ते अन्ननलिकेतून जाते. तंतूंपर्यंत ओलावा शरीरातूनच पोहोचावा लागतो. म्हणून ऐन मुद्रणाच्या वेळी घोट घेऊन तोंड ओले होते एवढेच, खरे पाणी काही तास आधीपासून प्यावे लागते. आणि खाकरणे टाळावे. त्या धक्क्याने तंतूंना त्रास होतो आणि पुन्हा खाकरावेसे वाटते, त्याऐवजी गिळावे. सुरुवातीला पातळ नळीतून गुणगुणत आवाज वर-खाली नेण्याचा जो व्यायाम आवाजशास्त्रज्ञ इंगो टिट्झे यांच्या संशोधनामुळे सर्वपरिचित झाला, तो काही मिनिटांतच आवाज मोकळा करतो आणि शेजाऱ्यांनाही त्याचा उपद्रव होत नाही.

मुद्रणाच्या पद्धतीत मला सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट म्हणजे ‘पंच अँड रोल’. चूक झाली की थांबायचे, चुकीच्या आधीच्या विरामावर यायचे, आधीची दोन-तीन सेकंदे ऐकायची, आणि त्याच ओघात पुढे मुद्रण सुरू करायचे. सगळे सलग वाचून मग चुका शोधत बसण्यापेक्षा हे वेगळे आहे. ती दोन-तीन सेकंदे ऐकताना आधीचा सूर, वेग आणि भाव कानात बसतो, आणि सांधा कळत नाही. धोका इतकाच की हाताशी सोय आहे म्हणून बऱ्या वाक्यालाही थांबवण्याचा मोह होतो. मी एक नियम पाळते : अक्षर चुकले, अर्थ चुकला किंवा बाहेरचा आवाज आला तरच थांबायचे. ‘अजून छान होऊ शकले असते’ हे कारण त्या वेळी चालत नाही. ते ठरवणारी व्यक्ती त्या खोलीत अजून आलेली नसते.

ती येते संपादनाला, आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी. वाचल्यावर लगेच ऐकले तर आपण काय म्हणायचे ठरवले होते तेच ऐकू येते. एक रात्र गेली की हेतू विसरलेला असतो आणि फक्त ध्वनी उरतो. संपादनात नवख्यांचा पहिला बळी म्हणजे श्वास. पडद्यावर प्रत्येक श्वास लहानशा फुगवट्यासारखा दिसतो, आणि तो कापून टाकणे डोळ्यांना फार समाधानाचे वाटते. पण सगळे श्वास कापलेले निवेदन ऐकताना श्रोता स्वतःच गुदमरू लागतो. आणि त्या जागी संपूर्ण शांतता ठेवली तर तिथे भोक पडल्यासारखे वाटते, कारण खोलीची स्वतःची बारीक कुजबुजही नाहीशी होते. श्वास काही डेसिबलने उतरवावा, वाक्याच्या मध्ये आलेला ओढल्यासारखा असेल तेवढाच काढावा, आणि काढलेल्या जागी त्याच खोलीची मुद्रित करून ठेवलेली शांतता भरावी. यासाठी प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला काहीही न बोलता काही सेकंद मुद्रण करून ठेवणे ही सवय लावून घ्यावी. तयार झालेले काम हेडफोनबरोबरच साध्या फोनच्या स्पीकरवरही ऐकावे, कारण पुष्कळ लोक ते तसेच ऐकणार असतात आणि तिथे खर्जाची सगळी श्रीमंती गळून जाऊन फक्त उच्चार आणि अर्थ उरतात.

आठवड्याने ग्राहकाकडून दोन ओळींची दुरुस्ती येते तेव्हा खोलीची आणि शरीराची शिस्त एकदमच तपासली जाते. माइकची उंची, अंतर, गेनची (माइकचा आवाज किती वाढवला त्याची) खूण यांची नोंद असेल तर खोली जुळते. आवाज जुळवणे अधिक कठीण. सकाळचा आवाज आणि संध्याकाळचा आवाज एक नसतो, तासभर वाचून तापलेला आणि नुकताच उघडलेला एक नसतो. त्यामुळे मी मूळ मुद्रणातला त्या जागेच्या आधीचा परिच्छेद ऐकते, तोच पुन्हा मोठ्याने वाचते, आणि दुरुस्तीच्या ओळीत त्याच ओघात शिरते. नुसती ती ओळ वाचली तर ती हमखास उपरी वाटते.

एवढे सगळे करूनही काचेपलीकडच्या माणसाचे एक काम आपल्याला जमत नाही, आणि ते दुसऱ्याकडून करून घ्यावे लागते. लांबलचक काम असेल तेव्हा मी पहिले प्रकरण एका जाणत्या श्रोत्याकडे पाठवते. आवाज कसा वाटला, खोली कशी वाटली, यांतले काहीही विचारत नाही. ज्या ज्या क्षणी लक्ष दुसरीकडे गेले त्या वेळेची फक्त नोंद मागते. परत आलेली यादी मी लहरीच्या चित्रावर लावून पाहते. त्या जागी बहुधा उच्चाराची चूक नसते, खोलीचा दोष नसतो, पातळीही नीट असते. उलट काही जागा तर मला स्वतःला विशेष रंगल्यासारख्या वाटलेल्या असतात. मग संहितेत ती वाक्ये काढते, समासातला प्रश्न पुन्हा वाचते, तो खोडून नवा लिहिते, आणि ते पान पुन्हा मुद्रित करते.